कीवर्डच्या आकड्यांवर कितपत विसंबावे? सोसायटी हिशोबाच्या अ‍ॅपबाबत प्रश्न

वागळे_इस्टेट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे भागीदार ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गाळ्यातून लहान गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशोबाचे अ‍ॅप चालवतो. मेंटेनन्सची बिले काढणे, पावत्या देणे, थकबाकीची यादी व तिच्यावरील व्याज काढणे आणि सभेची नोटीस सभासदांपर्यंत पोहोचवणे एवढेच त्याचे काम आहे. गेटवरची प्रवेशनोंद, पार्किंग, घरकामगारांची हजेरी या गोष्टी आम्ही हेतुपुरस्सर बाहेर ठेवल्या आहेत. अँड्रॉइडवर अ‍ॅप आधीपासून आहे, आयफोनची आवृत्ती अलीकडे आली. आजवरचे बहुतेक ग्राहक ओळखीतून किंवा सोसायट्यांचे ऑडिट करणाऱ्यांच्या शिफारशीतून मिळाले. आता स्टोअरमधल्या शोधातूनही लोक यावेत अशी इच्छा आहे.

त्यासाठी कीवर्डचे, म्हणजे लोक स्टोअरमध्ये शोधताना टाकतात त्या शब्दांचे, आकडे दाखवणाऱ्या एका टूलची वर्गणी भरली आणि दुसरे एक चाचणीपुरते वापरून पाहिले. गोंधळ तिथूनच सुरू झाला. प्रत्येक शब्दापुढे व्हॉल्यूम, डिफिकल्टी, रेलेव्हन्सी, चान्स आणि अंदाजे इन्स्टॉल असे रकाने आहेत. ‘सोसायटी मेंटेनन्स’ एका टूलमध्ये मध्यम व्हॉल्यूमचा दिसतो, दुसऱ्यात जवळजवळ तळाला. ‘सोसायटी मॅनेजमेंट’ दोन्हीकडे वर आहे, पण त्याची डिफिकल्टीही तितकीच चढी आहे. देवनागरीतले ‘सोसायटी हिशोब’ किंवा ‘मेंटेनन्स पावती’ टाकले, की दोन्ही टूल सर्वांत कमी आकडा दाखवून मोकळी होतात.

व्हॉल्यूम म्हणजे महिन्याला होणाऱ्या शोधांची संख्या आहे का, आणि नसेल तर त्यातून नेमके काय कळते? डिफिकल्टी कशावरून ठरते, आणि थोड्याच रेटिंगच्या आमच्यासारख्या अ‍ॅपने ती किती मनावर घ्यावी? ‘सोसायटी अ‍ॅप’ या शब्दावर प्ले स्टोअरमध्ये आम्ही पहिल्या दहांत आलो, तरी इन्स्टॉल जिथल्या तिथे राहिले, ते का? आणि मराठी शब्दांचा नाद सोडून द्यावा का?

एका भागीदाराचे म्हणणे असे आहे, की सर्वाधिक व्हॉल्यूमचे शब्द अ‍ॅपच्या नावात घालावेत आणि विषय संपवावा. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतका ठोस मुद्दा माझ्यापाशी नाही.

ऐरोली_मोबाइल यांचे उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि बाकीचा बराचसा गुंता त्या एका उत्तराने सैल होतो.

आधी अ‍ॅपलचे पाहू. अ‍ॅप स्टोअरच्या शोधात २०१६ साली जाहिराती सुरू झाल्या. त्या सेवेचे पूर्वीचे नाव अ‍ॅपल सर्च अ‍ॅड्स होते, २०२५ पासून ते अ‍ॅपल अ‍ॅड्स झाले. जाहिरातदाराला शब्द निवडता यावेत म्हणून अ‍ॅपल तिथे प्रत्येक शब्दाची ‘सर्च पॉप्युलॅरिटी’ दाखवते, आणि बहुतेक टूल आयफोनसाठीचा व्हॉल्यूम तिथूनच उचलतात. हा आकडा साधारण ५ ते १०० अशा मोजपट्टीवर मिळतो. तो त्या-त्या देशाच्या स्टोअरपुरता असतो आणि शब्द एकमेकांच्या तुलनेत कुठे बसतात एवढेच सांगतो. ६० चा शब्द ३० च्या शब्दापेक्षा दुप्पट शोधला जातो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय ५ हा तळ आहे. दिवसाला मोजके शोध होणारा शब्द आणि महिनोन्महिने कोणी न शोधलेला शब्द असे दोन्ही त्याच तळावर शेजारीशेजारी बसलेले असू शकतात. तुमच्या मराठी शब्दांपुढे सर्वांत कमी आकडा आला म्हणून ते कोणी शोधतच नाही असे ठरत नाही. मोजपट्टीला त्यांच्यातला फरक दाखवता येत नाही, एवढेच ठरते.

गूगलची गोष्ट वेगळी. प्ले स्टोअरमध्ये कोणता शब्द किती वेळा शोधला जातो, याचे आकडे गूगल जाहीर करत नाही. म्हणजे प्लेच्या रकान्यात तुम्हाला दिसणारा प्रत्येक व्हॉल्यूम त्या-त्या टूलने स्वतः रचलेला अंदाज असतो. शोधाच्या चौकटीत टाइप करताना कोणत्या सूचना आधी येतात, त्या शब्दावर वर असलेल्या अ‍ॅपचे डाउनलोड किती असावेत, जाहिरातींच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये वेबवरील शोध किती दिसतात, अशा खुणा एकत्र करून तो बांधला जातो. कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे ते प्रत्येक टूल आपापले ठरवते. दोन टूलमध्ये तफावत येते ती इथे. कीवर्ड प्लॅनरबद्दल एक सावधगिरी बाळगावी. तो गूगलच्या वेबशोधाचे आकडे देतो, आणि वेबवर ‘सोसायटी मेंटेनन्स’ शोधणाऱ्याला पुष्कळदा नियम हवे असतात, मेंटेनन्स वर्गफुटावर आकारायचा की सर्वांना सारखा, याचे उत्तर हवे असते. त्याला अ‍ॅप नको असते. तो आकडा प्लेच्या रकान्यात मिसळला, की शब्द फुगलेला दिसतो. (टूल विकणाऱ्यांचीही अडचण आहे म्हणा; रिकाम्या रकान्यासाठी वर्गणी कोण भरणार?)

म्हणून व्हॉल्यूम वाचताना मी फक्त तीन गट करतो: ठळकपणे वरचे, मधले आणि तळाचे. ३८ आणि ४३ यांतल्या फरकावर खल करण्यात वेळ घालवू नये. तुलना करायची तर एकाच टूलमध्ये, एकाच देशासाठी आणि एकाच स्टोअरसाठी करावी.

आता डिफिकल्टी. त्या शब्दावर सध्या वर असलेली अ‍ॅप किती भक्कम आहेत, याचा तो अंदाज असतो. त्यांची रेटिंग किती, डाउनलोड किती असावेत, शब्द त्यांच्या नावात आहे की नाही, अशा गोष्टी सूत्रात जातात आणि सूत्र प्रत्येकाचे निराळे असते. या गोष्टी हवेतल्या नाहीत. शोधाचा क्रम लावताना नाव, कीवर्ड व मुख्य वर्गवारी यांच्याशी शब्द किती जुळतो, तसेच डाउनलोड आणि रेटिंग-परीक्षणांची संख्या व दर्जा कसा आहे हे पाहिले जाते, असे अ‍ॅपलने स्वतः सांगितलेले आहे. अडचण अशी, की बहुतेक टूल हा आकडा सर्वांना एकच दाखवतात. लाखो रेटिंग असलेल्या अ‍ॅपला आणि तुम्हाला एकाच शब्दापुढे तोच आकडा दिसतो, पण अडचण दोघांची सारखी कशी असेल?

यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे. टूल बाजूला ठेवून फोनवर स्टोअरमध्ये तो शब्द टाका आणि पहिले दहा निकाल डोळ्यांनी पाहा. त्यांतली किती अ‍ॅप खरोखर बिल-पावतीचे काम करतात? शब्द किती जणांच्या नावात आहे? शेवटची सुधारणा कधी झाली? ‘सोसायटी’ या एकट्या शब्दावर पतसंस्थांची अ‍ॅप मिसळलेली दिसली, किंवा ‘मेंटेनन्स’वर वाहनदुरुस्तीची आणि यंत्रांच्या देखभालीची अ‍ॅप आली, तर तो शब्द शोधणाऱ्यांच्या मनात एकापेक्षा अधिक अर्थ आहेत असे समजावे. अशा शब्दाचा व्हॉल्यूम चार ठिकाणी वाटला जातो आणि तुमच्या वाट्याला त्याचा लहानसा भाग येतो. उलट एखाद्या शब्दावर दहापैकी दोनच अ‍ॅप नेमक्या तुमच्या कामाची असतील आणि तीही जुनाट असतील, तर टूलने डिफिकल्टी कितीही दाखवली तरी तिथे तुम्हाला जागा आहे. ‘सोसायटी मॅनेजमेंट’वर मायगेट आणि नोब्रोकरहूड यांसारखी मोठी मंडळी असणारच, तिथे वर्षभर धडपडून विसाव्या क्रमांकावरून पंधराव्यावर येण्यात अर्थ नाही.

रेलेव्हन्सी म्हणजे शब्द आपल्या कामाशी किती जुळतो ते; हा रकाना टूलला भरू देऊ नये, तो आपण भरावा. चान्स आणि अंदाजे इन्स्टॉल हे अंदाजांवरून काढलेले अंदाज आहेत. मी ते रकाने लपवून ठेवतो.

भागीदारांना सांगण्यासारखा मुद्दा जागेचा आहे. दोन्ही स्टोअरमध्ये नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे. अ‍ॅपलने ती २०१७ मध्ये आणली आणि गूगलने २०२१ मध्ये ५० वरून खाली आणली. अ‍ॅपलकडे आणखी ३० अक्षरांचे सबटायटल आणि वापरकर्त्याला न दिसणारी १०० अक्षरांची कीवर्डची चौकट मिळते, पण तिथले लांब वर्णन शोधासाठी धरले जात नाही. गूगलकडे अशी लपलेली चौकट नाही. ८० अक्षरांचे छोटे वर्णन आणि ४००० अक्षरांचे मोठे वर्णन मिळून शोधात धरले जाते, आणि त्यात शब्दांची नुसती भरताड केली तर ते धोरणाविरुद्ध ठरते. एवढ्या तोकड्या नावात जो शब्द घालाल, तो शोधणाऱ्याला दिसणारही आहे. ‘मॅनेजमेंट’ वाचून गेटची नोंद शोधणारा माणूस आला आणि अ‍ॅपमध्ये त्याला ती सापडली नाही, तर तो एक तारा देऊन निघून जाईल, आणि त्या ताऱ्याचा भार तुमच्या इतर सर्व शब्दांवरच्या क्रमावर पडेल.

नेरुळचा_खजिनदार यांचे उत्तर

मी या व्यवसायातला नाही. नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतींपैकी एका सोसायटीचा खजिनदार आहे आणि असे अ‍ॅप शोधणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून ग्राहकाच्या बाजूने लिहितो.

‘सोसायटी मॅनेजमेंट’ हा शब्द मी कधी टाइप केलेला नाही. आमच्याकडे कामाची सुरुवात एखाद्या अडलेल्या गोष्टीपासून होते. वहीवरून एक्सेलवर आलो, मग एक्सेलमध्ये व्याजाचा रकाना बिघडला, तेव्हा मी स्टोअरमध्ये ‘मेंटेनन्स बिल’ टाकले. नंतर ‘मेंटेनन्स बिल फॉरमॅट’ टाकले, कारण मला अ‍ॅप हवे आहे की नुसता नमुना, हे माझे मलाच ठाऊक नव्हते. पुढे भाडेकरू ठेवलेल्या सभासदाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घ्यायची वेळ आली, तेव्हा तेच शब्द टाकले. शासनाने ही रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेली आहे आणि ती बिलात वेगळी दाखवावी लागते. ती सोय असलेले अ‍ॅप मी शोधत होतो. मी शोधलेल्या अ‍ॅपपैकी ज्याच्या पहिल्या चित्रात बिलाचा नमुना होता आणि त्यावर सिंकिंग फंड, पाणीपट्टी, थकबाकीवरील व्याज अशा ओळी स्पष्ट वाचता येत होत्या, तेच मी उघडले. बाकीच्यांच्या पहिल्या चित्रात हसरे कुटुंब आणि उंच इमारत होती.

दुसरे म्हणजे, आमच्या गरजेला हंगाम असतो. ३१ मार्चला वर्ष संपते, एप्रिल-मे हिशोब बंद करण्यात जातो, मग ऑडिट, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नवी समिती आली की नवा खजिनदार पहिल्याच महिन्यात ‘हे सगळे हाताने कोण करणार’ म्हणत अ‍ॅप शोधू लागतो. टूलमधला तुमचा व्हॉल्यूम कोणत्या महिन्यातला आहे, हे पाहायला हवे असे मला वाटते.

सभासद आणि पदाधिकारी यांत फरक करावा, हे आणखी एक. सभासद पुष्कळ असतात, पण समितीने जे अ‍ॅप ठरवले त्याचेच नाव टाकून ते उतरवून घेतात. निवड करणारे आम्ही दोघे-तिघे असतो. तुमच्या टूलला हे दोन प्रकारचे लोक वेगळे ओळखता येतात का, ते मला माहीत नाही.

घोडबंदर_रोड यांचे उत्तर

खजिनदार साहेबांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: टूलला ते ओळखता येत नाही, आणि ‘सोसायटी अ‍ॅप’च्या कोड्यामागेही बहुधा तेच कारण आहे. त्या शब्दाने येणाऱ्यांत आपल्याच सोसायटीचे अ‍ॅप शोधणारे सभासद मोठ्या संख्येने असणार. समितीने सांगितलेले नाव नीट लक्षात राहिलेले नाही, म्हणून ते ‘सोसायटी अ‍ॅप’ टाकतात, चिन्ह ओळखतात आणि तुमच्या अ‍ॅपवरून नजर फिरवून पुढे जातात. तुम्ही तिथे नवव्या क्रमांकावर असलात काय आणि तिसऱ्या क्रमांकावर असलात काय, त्यांना तुम्ही नकोच आहात.

त्यात क्रमांकाचीही गंमत आहे. फोनच्या पहिल्या पडद्यावर मोजकीच अ‍ॅप मावतात आणि वरची जागा जाहिरातींना जाते, त्यामुळे ‘पहिल्या दहांत’ याचा अर्थ पुष्कळदा बोटाने दोनदा सरकवल्यावर दिसणारी जागा असा असतो. शिवाय टूल क्रमांक मोजते ते एका ठरावीक देशात, एका ठरावीक भाषेत. फोनची भाषा मराठी असलेल्या डोंबिवलीच्या वापरकर्त्याला प्ले स्टोअर तोच क्रम दाखवील असे नाही.

माझ्या मते आकडे टूलमध्ये पाहण्याआधी स्वतःच्या कन्सोलमध्ये, म्हणजे स्टोअरने विकासकाला दिलेल्या खात्याच्या पानावर, पाहावेत. ही गोष्ट बहुतेकजण टाळतात, कारण तिथले आकडे लहान आणि रूक्ष असतात. प्ले कन्सोलमध्ये स्टोअर लिस्टिंगच्या विश्लेषणात शोधातून आलेले लोक वेगळे काढता येतात, आणि त्यांनी कोणते शब्द टाकले होते ते शब्दागणिक दिसते: त्या शब्दावरून पानावर किती जण आले आणि त्यांतल्या किती जणांनी अ‍ॅप घेतले. फार थोड्या वेळा शोधले गेलेले शब्द गोपनीयतेसाठी ‘इतर’मध्ये एकत्र टाकले जातात, तुमच्या आकाराच्या अ‍ॅपला ही ‘इतर’ची ओळच कदाचित सर्वांत मोठी दिसेल. तरीही वरच्या पाच-सात ओळी तुमच्या टूलमधल्या कोणत्याही रकान्यापेक्षा विश्वासार्ह आहेत, कारण त्या मोजलेल्या आहेत.

त्या कशा वाचायच्या ते उदाहरणाने सांगते. समजा, ‘सोसायटी अ‍ॅप’वरून महिन्याला २०० जण पानावर आले आणि १० जणांनी इन्स्टॉल केले, म्हणजे ५ टक्के. ‘मेंटेनन्स बिल’वरून ३० जणच आले, पण १२ जणांनी इन्स्टॉल केले, म्हणजे ४० टक्के. व्हॉल्यूमच्या रकान्यात पहिला शब्द कितीतरी मोठा दिसेल आणि प्रत्यक्षात दुसरा अधिक माणसे देईल. त्यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे: त्या २२ जणांपैकी किती जणांनी सोसायटीची नोंद करून पहिले बिल काढले? शोधलेल्या शब्दापासून बिलापर्यंतचा धागा कन्सोल जोडून देत नाही. त्यासाठी नोंदणीच्या पडद्यावर ‘आपले पद’ आणि ‘अ‍ॅप कसे सापडले’ असे दोन साधे प्रश्न ठेवावेत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार की सभासद, एवढे कळले तरी कोणत्या महिन्यात कसले लोक येत आहेत ते उघड होते, आणि नावात केलेल्या बदलाने माणसे वाढली की नुसती गर्दी वाढली हेही कळते.

आकडे लहान असताना एक पथ्य पाळावे लागते. ३० मधले १२ आणि पुढच्या महिन्यात ३० मधले ९, यावरून ‘घसरण झाली’ असे म्हणू नये. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. नाव, छोटे वर्णन आणि चित्रे एकाच दिवशी बदलू नयेत. गूगलकडे स्टोअर लिस्टिंग एक्सपेरिमेंट आहेत. त्यांत जुने आणि नवे चित्र वेगवेगळ्या लोकांना एकाच काळात दाखवता येते. खजिनदार साहेबांनी सांगितलेला बिलाचा नमुना विरुद्ध सध्याचे पहिले चित्र हा प्रयोग मी सर्वांत आधी लावीन. तो लावताना हंगामही ध्यानात ठेवावा. मार्चची एप्रिलशी तुलना केली, तर वाढीचे श्रेय चित्राला जाईल आणि खरे कारण हिशोबाचे वर्ष संपणे हे असेल. दोन्ही चित्रे एकाच वेळी चालू असली की हा घोटाळा होत नाही.

आयफोनच्या बाजूला माहिती कमी मिळते. अ‍ॅप स्टोअर कनेक्टमध्ये शोधातून किती इम्प्रेशन आणि किती पानभेटी आल्या ते कळते. चिन्ह पडद्यावर एका सेकंदापेक्षा अधिक काळ दिसले तर एक इम्प्रेशन मोजले जाते. पण फुकटच्या शोधात लोकांनी कोणते शब्द टाकले, ते तिथे मिळत नाही. त्यावर चालणारी एक युक्ती अशी: निवडलेल्या पाच-सहा शब्दांवर अ‍ॅपल अ‍ॅड्समध्ये ‘एक्झॅक्ट मॅच’ (नेमका तोच शब्द शोधला तरच जाहिरात दिसेल अशी सोय) लावून थोड्या रकमेची जाहिरात काही आठवडे चालवावी. जाहिरातीच्या अहवालात शब्दागणिक किती वेळा दिसलो, किती जणांनी दाबले आणि किती जणांनी घेतले ते येते. जाहिरातीने ग्राहक आले तर उत्तमच, पण या रकमेतून विकत घ्यायची ती ही माहिती. त्यानंतरच १०० अक्षरांची चौकट भरावी, कारण ती चौकट अ‍ॅपची नवी आवृत्ती सादर करतानाच बदलता येते. प्ले स्टोअरवर मात्र अ‍ॅपला हात न लावता केव्हाही मजकूर बदलता येतो.

मराठीबद्दल मी ऐरोलीकरांच्या एक पाऊल पुढे जाईन. प्ले स्टोअरमध्ये मराठी भाषेचे वेगळे लिस्टिंग करता येते, आणि त्याने इंग्रजी लिस्टिंगमधले एक अक्षरही खर्च होत नाही. मग तिथे व्हॉल्यूम तळाला आहे की नाही, हा प्रश्न उरतोच कुठे? फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. मर्यादा मोजताना काना-मात्रांचीही भर पडते, म्हणून देवनागरी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर ३० चा आकडा गाठतो. आणि भाषा समितीच्या बैठकीतली असावी. ‘देखभाल शुल्क देयक’ कोणी बोलत नाही. ‘मेंटेनन्स बिल’ आणि ‘पावती’ बोलतात.

वागळे_इस्टेट

सर्वांचे मनापासून आभार. कन्सोल उघडून पाहिले. ‘इतर’ची ओळ खरोखरच सर्वांत मोठी आहे, पण तिच्याखाली ‘मेंटेनन्स बिल’ आणि ‘सोसायटी रिसीट’ हे शब्द आहेत आणि त्यांचे इन्स्टॉलचे प्रमाण ‘सोसायटी अ‍ॅप’च्या कितीतरी वर आहे. भागीदारांना ते पान दाखवले. नावातून ‘मॅनेजमेंट’ काढण्यास त्यांची संमती मिळाली आहे.

एक शंका उरली आहे. मोठ्या अ‍ॅपची नावे टूलमध्ये भरघोस व्हॉल्यूम दाखवतात. आयफोनच्या लपलेल्या चौकटीत ती घातली तर कोणाला दिसणार आहे, असा प्रश्न आमच्याकडे निघाला. सोबत मसुदाही देतो. शब्द इंग्रजीत आहेत, इथे देवनागरीत लिहितो. नाव: आमचे ब्रँडनाव आणि ‘सोसायटी बिल’. सबटायटल: ‘मेंटेनन्स, रिसीट, ड्यूज’. कीवर्ड: ‘सोसायटी, सोसायटीज, हाउसिंग सोसायटी, मेंटेनन्स बिल, रिसीट, अकाउंट्स, सिंकिंग फंड, अ‍ॅप’.

ऐरोली_मोबाइल

दुसऱ्यांची नावे घालू नका. ट्रेडमार्क असलेले शब्द आणि लोकप्रिय अ‍ॅपची नावे कीवर्डमध्ये भरण्यास अ‍ॅपलच्या परीक्षण नियमांत स्पष्ट मनाई आहे, आणि परीक्षकाला ती चौकट दिसते. नियम नसता तरी मी नाहीच म्हटले असते. ते नाव टाकणारा माणूस ते अ‍ॅप घ्यायलाच आलेला असतो. घोडबंदर ताईंनी वर सांगितलेल्या सभासदाचाच हा प्रकार आहे.

मसुद्यात जागा वाया गेली आहे. नाव आणि सबटायटल यांत आलेला शब्द कीवर्डमध्ये पुन्हा देण्याची गरज नाही, म्हणून ‘सोसायटी’, ‘मेंटेनन्स’, ‘बिल’ आणि ‘रिसीट’ हे चारही काढा. एकवचन दिले असेल तर अनेकवचन नको आणि ‘अ‍ॅप’ हा शब्द नको, असे अ‍ॅपलचे स्वतःचे मार्गदर्शन आहे. ‘हाउसिंग सोसायटी’ऐवजी नुसते ‘हाउसिंग’ पुरते. सुटे शब्द दिले तरी त्यांच्या जोड्या शोधात धरल्या जातात, असा या कामातल्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. स्वल्पविरामानंतर सोडलेली प्रत्येक मोकळी जागा एक अक्षर खाते, तीही काढा.

एवढे केल्यावर तुमच्याकडे ‘हाउसिंग’, ‘अकाउंट्स’ आणि ‘सिंकिंग फंड’ उरतात, आणि १०० पैकी निम्म्याहून अधिक जागा मोकळी होते. तिथे खजिनदार साहेबांचे शब्द बसवा: ‘नॉन-ऑक्युपन्सी’, ‘फॉरमॅट’, ‘एजीएम’, ‘नोटीस’, ‘ऑडिट’, ‘ट्रेझरर’. तेवढी सोय अ‍ॅपमध्ये आहे ना, ते मात्र आधी तपासा. नॉन-ऑक्युपन्सीची वेगळी ओळ तुमच्या बिलात येत नसेल, तर तो शब्द पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवा.

नेरुळचा_खजिनदार

ती ओळ येत असेल तर कृपया इथे लिहा. आमच्या समितीची बैठक येत्या रविवारी आहे.